नवी कल्पना आणि तिची धास्ती : संशोधकाने दोन्ही कसे सांभाळावे

गृहीतक, प्रयोग, निरीक्षण आणि निष्कर्ष हा क्रम विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. तो क्रम प्रत्यक्ष पाळताना पोटात गोळा येतो, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. या धास्तीची दोन रूपे आहेत. लोक हसतील, हे त्यातले पहिले रूप सहज ओळखू येते. दुसरे म्हणजे, जिच्यावर जीव जडला ती कल्पना आपल्याच हातून मोडेल ही भीती. ती आनंदाच्या वेशात येते आणि म्हणून माझ्या मते अधिक घातक असते. दोन्ही घालवता येत नाहीत, पण कामाच्या रीतीत त्यांना जागा करून देता येते.

सुरुवात नोंदवहीपासून करावी. अनपेक्षित काही दिसले, तर त्याचा अर्थ लावण्याआधी ते जसे दिसले तसे तारीख घालून लिहून ठेवावे आणि मनातली शंकाही तिथेच नोंदवावी. ८ एप्रिल १९८२ रोजी पदार्थवैज्ञानिक डॅन शेश्टमन अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत ॲल्युमिनियम आणि मँगनीज यांचा वेगाने थंड केलेला मिश्रधातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. विवर्तनाच्या चित्रात, म्हणजे नमुन्यातील अणूंवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात, ठिपक्यांचे वर्तुळ उमटले होते. त्यांनी ठिपके मोजले, तर ते दहा भरले. स्फटिकात अशी दहापदरी सममिती, म्हणजे वर्तुळाच्या दहाव्या भागाएवढे फिरवले तरी तसेच दिसणारी रचना, असूच शकत नाही, असे तेव्हाची पाठ्यपुस्तके सांगत होती. शेश्टमन यांनी वहीत दहा हा आकडा लिहिला आणि त्यापुढे तीन प्रश्नचिन्हे काढली. ती तीन चिन्हे मला फार मोलाची वाटतात. त्यांनी आकडा खोडला नाही आणि शोध लागल्याची दवंडीही पिटली नाही. नोंद करताना आपल्यालाही एवढेच साधायचे असते. त्यासाठी पानाच्या डाव्या बाजूला फक्त निरीक्षण आणि उजव्या बाजूला आपला अंदाज, अशी विभागणी उपयोगी पडते.

आपल्या मताला छेद देणारी गोष्ट तर त्याच क्षणी लिहावी. चार्ल्स डार्विन हा नियम कटाक्षाने पाळत असत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, हा त्यांचा अनुभव होता. माझाही अनुभव वेगळा नाही. एका द्रावणाच्या मोजणीत रोज दुपारी आकडा थोडा वर सरकत असे आणि त्यामागे काहीतरी नवी प्रक्रिया आहे या समजुतीत मी तीन आठवडे हवेत होतो. ढगाळ दिवशी आकडा जागचा हलला नव्हता. ते मी पाहिले होते, पण लिहिले नव्हते. दुपारचे ऊन खिडकीतून थेट उपकरणावर पडत होते, इतकेच त्याचे रहस्य निघाले. त्या एका दिवसाची नोंद असती, तर निदान दोन आठवडे वाचले असते.

कल्पना सुचण्याबाबत हुकमी कृती कोणी देऊ शकणार नाही, पण मशागत करता येते. प्रश्नाशी नेटाने झगडावे, अडल्यावर त्याची नेमकी जागा एका वाक्यात लिहावी आणि मग खुशाल दुसऱ्या कामाला लागावे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांना झोपेत प्रयोग सुचला, ही गोष्ट नेहमी चमत्कारासारखी सांगितली जाते. पहिल्या रात्री त्यांनी अर्धवट जागेपणी काहीतरी खरडले आणि सकाळी त्यांना स्वतःचेच अक्षर लागले नाही. दुसऱ्या रात्री तीच कल्पना परत आली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाला जोडलेली व्हेगस नावाची चेता (मज्जातंतू) उद्दीपित केली की त्या हृदयाचे ठोके मंदावतात. त्यांनी अशा हृदयाभोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावले. चेता रासायनिक पदार्थाद्वारे संदेश देतात, हे त्यातून पुढे आले. गोष्टीत गाळला जाणारा भाग असा की, चेतांचे कार्य रासायनिक असावे हा विचार त्यांच्या मनात सुमारे सतरा वर्षे पडून होता. तेव्हा उशाशी कागद जरूर ठेवावा (आणि अक्षर सुवाच्य काढावे), पण दिवसाची मेहनत स्वप्नावर सोपवू नये.

प्रयोग मांडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला लेखी विचारावा : कोणता निकाल आला तर मी ही कल्पना सोडून देईन? उत्तर आधी लिहिलेले नसले, तर निकाल हाती आल्यावर मन सबबी शोधू लागते. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी मंगळाच्या गतीसाठी वर्तुळाकार कक्षेचे एक प्रतिमान प्रचंड आकडेमोड करून बसवले होते. टायको ब्राहे यांच्या निरीक्षणांशी ताडून पाहता त्यात आठ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक उरला, म्हणजे पूर्णचंद्राच्या दिसणाऱ्या रुंदीच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा. एवढा फरक निरीक्षणातली चूक म्हणून सहज खपला असता. पण टायको यांची मोजमापे इतकी ढिली नसतात, हे केप्लर जाणून होते. त्यांनी स्वतःचे प्रतिमान टाकून दिले आणि पुढे लंबवर्तुळाकार कक्षेपर्यंत पोहोचले. हे काम १६०९ साली प्रसिद्ध झाले. किती फरक खपवून घ्यायचा, याची मर्यादा उपकरणाच्या अचूकतेवरून ठरवावी. निकालावर आपला किती जीव आहे, त्यावरून ती ठरवू नये.

कल्पना कोणाला आधी सांगावी, हेही विचारपूर्वक ठरवावे. प्रजाती अचल नाहीत, त्या काळाच्या ओघात बदलतात, हे मत १८४४ साली मित्र जोसेफ हूकर यांना कळवताना, आपण जणू खुनाची कबुली देत आहोत, असे डार्विन यांनी लिहिले. भीती एवढी असतानाही त्यांनी सांगितले, पण एका जाणकार आणि चिकित्सक माणसाला. पहिला श्रोता कौतुक करणारा नसावा आणि टिंगल करणाराही नसावा. ‘हे तू कसे मोजलेस?’ असे विचारणारा असावा. त्यानंतर आपल्या मताच्या विरोधात असलेल्या एखाद्याला कच्ची आकडेवारी दाखवावी.

इतके करूनही उपेक्षा वाट्याला येऊ शकते. शेश्टमन यांना त्यांचा संशोधनगट सोडावा लागला, शोधनिबंध १९८४ च्या अखेरीस छापून आला, दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग उघडपणे त्यांच्या विरोधात राहिले आणि नोबेल पारितोषिक मिळायला २०११ साल उजाडले. मात्र लोक हसतात म्हणून आपण बरोबर आहोत, असा उलटा हिशेब कधीही मांडू नये. हसण्यावारी नेलेल्या बहुतेक कल्पना खरोखरच चुकीच्या असतात. अशा काळात वाद घालण्यापेक्षा नमुना दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला स्वतः मोजायला सांगणे अधिक फलदायी ठरते.

आणि चूक आपलीच निघाली, तर ती आपणच आधी सांगावी. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी आपला एक शोधनिबंध, निकाल पुन्हा मिळत नाहीत म्हणून, मागे घेतला आणि आपण कामात असल्याने नीट लक्ष दिले नाही, हेही जाहीरपणे कबूल केले. मागे घेताना मजकूर लहान ठेवावा : काय चुकले, कसे लक्षात आले आणि निबंधातला कोणता भाग अजून उभा आहे. वहीतले ते पान फाडू नये. त्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येते, आणि शेजारी कारण व तारीख लिहावी. माझ्या त्या द्रावणाच्या पानावर अशी रेघ आहे आणि समासात एकच शब्द लिहिला आहे : ऊन.