मांडी बधिर झाली की मणक्यालाच दोष? या चुका टाळा

मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, मुंग्या येतात, जळजळते. कपडा घासला तरी नकोसं होतं. "गादी सरकली असणार," असं घरीच ठरतं आणि मणक्याचा एमआरआय निघतो. पहिली चूक हीच. काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये थोडी फुगलेली गादी दिसते.

इथे तक्रार बहुधा असते ती लॅटरल फिमोरल क्युटेनियस नर्व्हची, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेची संवेदना नेणाऱ्या नसेची. कमरेतल्या मणक्यातून निघणाऱ्या एल-२ आणि एल-३ या नसांच्या मुळांपासून ती निघते, कण्याशेजारच्या सोआस स्नायूच्या बाहेरच्या कडेने बाहेर पडते, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या इलियाकस स्नायूवरून तिरकी उतरते आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं, त्याच्या जरा आतून, इंग्वायनल लिगामेंट या जांघेतल्या पट्ट्याखालून मांडीत शिरते. तिथे तिला एकदम वळावं लागतं. अडकते ती बहुतेक वेळा तिथेच. या दुखण्याचं नाव मेराल्जिया पॅरेस्थेटिका. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडलाही ते होतं. १८९५ मध्ये त्याने स्वतःच्याच मांडीवर लेख लिहिला!

दुसरी चूक म्हणजे पायाची ताकद न तपासणं. ही नस फक्त संवेदनेची, एकही स्नायू हलवत नाही. त्यामुळे गुडघा सरळ करताना जोर कमी पडत असेल किंवा बधिरपणा पावलापर्यंत जात असेल, तर कारण दुसरीकडे शोधा. बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

गोळ्या चालू आणि दाबही चालू, हे तर नेहमीचंच. परकराची नाडी करकचून त्याच हाडावर बांधलेली, घट्ट जीन्स, कामगाराचा अवजारांचा जड पट्टा. आधी ते सैल करा. वाढलेलं पोट आणि गरोदरपण यांनीही ताण येतो. मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या. दाब निघाला की बऱ्याच जणांना आराम पडतो, पण काही आठवडे द्यावे लागतात.

बधिर जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

डॉक्टरांसाठी एक: नसेची जागा प्रत्येकात थोडी वेगळी असते, क्वचित ती हाडाच्या टोकाच्या बाहेरूनही जाते. म्हणून अंदाजाने दिलेला ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, लागला नाही, तर निदान बदलण्याआधी सोनोग्राफीखाली नस शोधून पुन्हा देऊन पाहा.