डिग्री निवडायच्या आधी नोकरीची जाहिरात उघडा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा, स्कोप कशाला आहे. हा प्रश्न विचारणंच बंद करा. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या मुलांचे फॉर्म भरायला मी दरवर्षी बसतो, आणि 'आधी साधं ग्रॅज्युएशन कर, पुढचं पुढे बघू' या सल्ल्याने जेवढं नुकसान झालेलं बघितलंय तेवढं कमी मार्कांनीही नाही झालेलं.

आधी दोन-तीन कामांची नावं लिहा. 'सरकारी' किंवा 'आयटी' नाही, नेमकं पद.

मग त्या पदांच्या जुन्या जाहिराती काढा, एमपीएससी-यूपीएससीच्या वेबसाइटवर मिळतात.

आता शैक्षणिक अर्हता. सगळा घोळ इथे होतो, माझाही झाला. मला एफडीएत, म्हणजे अन्न व औषध प्रशासनात, अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं होतं, दुधातली, तेलातली भेसळ पकडायची म्हणजे केमिस्ट्रीच लागणार असं मी धरून चाललो, कॉलेजातले सरही हो म्हणाले, आणि मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलं. टीवाय झाल्यावर जाहिरात आली तेव्हा तो परिच्छेद पहिल्यांदा नीट वाचला. फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक, ऑइल टेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, यातली कुठलीही पदवी चालेल, पण केमिस्ट्री असेल तर पदव्युत्तर. शेजारच्या वर्गातली मायक्रोची मुलगी त्याच आठवड्यात फॉर्म भरून मोकळी झाली आणि मी एमएस्सीला ॲडमिशन घेतली. वडील तेव्हा रिटायर झालेले, त्यांच्या पेन्शनवर काढलेली ती 2 वर्षं मला अजून टोचतात.

म्हणून तो परिच्छेद हातात पेन घेऊनच वाचा. 'पदवी' आहे की 'पदव्युत्तर' त्याला गोल करा, 'किंवा' आणि 'आणि' खाली रेघ मारा. 'समतुल्य' शब्दावर तर अजिबात विसंबू नका, समतुल्य आहे असं कॉलेज तोंडी सांगत असेल तर लेखी मागा.

आणि एका पदाला चाललं म्हणजे दुसऱ्याला चालेल असं नसतं. भारतीय वन सेवेच्या यादीत केमिस्ट्री आहे, बॉटनी-झूलॉजी आहे, इंजिनिअरिंग आणि कृषीही चालतं, पण मायक्रोबायोलॉजीचं नाव नाही. आयएएस किंवा उपजिल्हाधिकारी व्हायचं तर कुठलीही पदवी चालते, मग तिथे उगाच अवघड ब्रँच घेऊन एटीकेटीत अडकू नका, मनापासून वाचाल तो विषय घ्या. इंटिरियर डिझाइन करून नंतर आर्किटेक्ट होता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकूच नका, त्याला 5 वर्षांचं बी.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही.

कॉलेजात गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या बॅचच्या कोणाची तरी मार्कशीट बघायला मागा. कोर्सचं नाव जाहिरातीत 'फूड टेक्नॉलॉजी' नि मार्कशीटवर 'फूड सायन्स', एवढा फरकही कागदपत्र तपासणीत नडू शकतो.

फी, हॉस्टेल, बसचं अंतर घरी बसून बघा.

राहिला कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने भरू नका, आपल्याला हवंय त्या क्रमाने भरा, कारण पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला की तो आपोआप फ्रीझ होतो, मग पुढच्या राउंडला बदलता येत नाही. आणि फॉर्म सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, स्वतः बसून भरा.