झिंक पंधरवड्यात संपतंय? आधी करंटची गळती शोधा

बोटीच्या पंख्याच्या शाफ्टवर बसवलेलं झिंक, म्हणजे स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा, निदान एक हंगाम तरी टिकायला हवं. तेच पंधरा-वीस दिवसांत सुपारीएवढं उरत असेल, तर त्याच्या जागी मोठं झिंक लावणं म्हणजे खाणाऱ्याला नुसतं वाढत राहणं.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की झीज होतेच, पण ती महिनोन्‌महिने चालते. बॅटरीचा करंट गळू लागला की तेच काम काही दिवसांत उरकतं. अर्धा अँपिअर करंट लोखंडातून सतत पाण्यात उतरत राहिला, तर महिन्याला सुमारे ३८० ग्रॅम लोखंड जातं. अशी झीज बहुतेक वेळा ओळखू येते: धातू स्वच्छ, चकचकीत, कडा धारदार आणि मध्ये खड्डे. पितळ गुलाबी पडून ठोकल्यावर बद्द वाजत असेल, तर त्यातलं जस्त निघून गेलंय. तो भाग बदलाच.

नियम एकच लक्षात ठेवा. करंट धातूतून पाण्यात जिथे उतरतो तिथे धातू झिजतो, पाण्यातून धातूत शिरतो तिथे वाचतो. बिल्ज पंपाच्या (तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) पॉझिटिव्ह वायरचा जोड तळातल्या पाण्यात बुडालाय असं समजा. करंट त्या पाण्यातून सी-कॉकमध्ये (समुद्राचं पाणी आत घेण्यासाठी तळाशी बसवलेला धातूचा कॉक), तिथून समुद्रात, मग पंखा, शाफ्ट, इंजिन आणि शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हला पोहोचतो. सी-कॉक चाळण होतो, पंखा मात्र ठणठणीत. म्हणून झिजलेल्या भागाकडे बघत बसू नका, त्याला पॉझिटिव्ह कुठून मिळतोय ते बघा.

खालच्या चाचण्या बोट पाण्यात असतानाच होतात. १ जूनला मासेमारी बंदी सुरू होऊन बोट वर ओढली जाण्याआधी, मे महिन्यात त्या उरका. डिजिटल मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिप लावलेली १५ मीटर वायर, पॉलिश पेपर आणि एक नवं, रंग न लागलेलं झिंक एवढं पुरे.

पहिली चाचणी बॅटरीपाशी. सगळी उपकरणं बंद, मेन स्विच चालू, फ्यूज जागेवर. चार्जर आणि सोलर सोडवा. जीपीएस आणि वायरलेस बंद असतानाही थोडा करंट घेतात, तेही सोडवा. बिल्ज पंपाची थेट बॅटरीवरून आलेली लाइन मात्र जोडलेलीच राहू द्या, पहिला संशयित तोच. पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट खाली असू द्या. आता बॅटरीच्या पॉझिटिव्हवरचे सगळे लग (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) एकत्र काढा आणि लग व बॅटरीचा खांब यांच्यात व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास आलं तर या स्थितीत गळती नाही. १२ किंवा २४ च्या जवळपास आलं तर कुठेतरी वाट आहे.

वाट केवढी ते ओहमवर कळतं. मीटरचा लाल प्रोब (वायरच्या टोकाची सुई) सोडवलेल्या लगला, काळा निगेटिव्हला. २४ व्होल्टच्या बोटीवर १०,००० ओहम म्हणजे २.४ मिलिअँपिअर, चालून जाईल. १,००० ओहम म्हणजे २४ मिलिअँपिअर, शोधायलाच हवी. १०० ओहमला पाव अँपिअर जातो. १० ओहमच्या खाली आलं तर बहुधा एखादा दिवा चालू राहिलाय.

मग मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन खांब आणि लग यांच्यामध्ये जोडा आणि एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येतो ती लाइन दोषी. ती जोडाजोडाला सोडवत पुढे जा. मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटर जळेल.

काही गळत्या स्विच चालू केल्यावरच सुरू होतात. त्यांच्यासाठी झिंक वापरा. वायरला बांधून ते बोटीच्या बाजूने पाण्यात सोडा, पण तांब्याचा जोड पाण्याच्या वर ठेवा. तो बुडाला तर आकडा खोटा येतो. काळा प्रोब झिंकच्या वायरला, लाल प्रोब तपासायच्या भागाला, तिथे आधी पॉलिश पेपर मारून. संरक्षण नसलेलं कांसं अशा मोजणीत साधारण ०.७ व्होल्ट दाखवतं. बोटीचं झिंक त्याला नीट जोडलेलं असेल तर आकडा निदान ०.२ ने कमी हवा. आता एकाने मीटर बघायचं, दुसऱ्याने दिवे, पंप, फिशफाइंडर एकेक करून चालू करायचं. एखाद्या स्विचबरोबर आकडा वर सरकला की त्या भागातून करंट पाण्यात उतरतोय. मूळ आकडा किती आहे यापेक्षा ही हालचाल महत्त्वाची.

दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी निघतो. एक, पीळ देऊन टेप गुंडाळलेला पंपाचा जोड. टेपच्या आत पाणी शिरलं की ते तिथेच राहतं. जोड पाण्याच्या पातळीच्या बराच वर न्या, लग क्रिम्प करा (पकडीने दाबून बसवा) आणि गोंदाची हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. दोन, दिव्याची निगेटिव्ह जवळचा बोल्ट दिसला म्हणून सुकाणूच्या ब्रॅकेटला मारलेली असते. प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वायरनेच बॅटरीच्या निगेटिव्ह पट्टीपर्यंत आणा. सगळे दिवे लावून बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगचे लग उघडून घासा.

वायरिंग निर्दोष असूनही शाफ्टवर ग्लँडपाशीच (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) खड्डे पडत असतील तर ग्लँडची दोरी ग्रॅफाइटची आहे का बघा. ग्रॅफाइट स्टेनलेस शाफ्टला खातं. झिंक आणि शाफ्ट यांच्यातला रोध १ ओहमपेक्षा कमी हवा आणि झिंकवर रंग नको. लाकडी बोटीवर गरजेपेक्षा जास्त झिंकही नको, बोल्टभोवतीचं लाकूड मऊ पडतं.

वेल्डिंग मशीन जेटीवर असेल तर त्याची अर्थ क्लॅम्प जेटीच्या लोखंडाला लावू देऊ नका. ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्यालाच, वेल्डिंगच्या टाक्यापासून हातभर अंतरावर लावायला सांगा. नाहीतर वेल्डिंगचा सगळा करंट पाण्यातून परततो.

दुरुस्तीनंतर पहिली चाचणी पुन्हा करा आणि आलेला ओहमचा आकडा तारखेसह फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची आहे.