हॅम रेडिओवर पहिल्यांदा बोलताना

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हाती पडला की माइक उचलायला हात शिवशिवतात. तरी आधी आठवडाभर नुसतं ऐका. आपल्याकडे ४० मीटर बँड, म्हणजे हौशींना खुला असलेला एक फ्रिक्वेन्सी-पट्टा, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ. कोण कधी थांबतो, मध्ये कसं शिरतो, हे कानावर पडू द्या.

फ्रिक्वेन्सी मोकळी वाटली तरी खात्री धरू नका. बोलणारं स्टेशन कदाचित तुमच्यापर्यंत पोचतच नसेल. ‘इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?’ असं दोनदा विचारा, मध्ये थांबा. मोर्सवर याचंच ‘क्यूआरएल?’ होतं.

उत्तर नाही आलं, तर हाक (‘सीक्यू’ म्हणजे कोणीही उत्तर द्या): ‘सीक्यू सीक्यू सीक्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म थ्री...’ आणि पुढे तुमच्या कॉलसाइनची, म्हणजे स्टेशनच्या ओळखनावाची, उरलेली अक्षरं. व्हिक्टर म्हणजे व्ही, युनिफॉर्म म्हणजे यू. बी, डी, पी खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा. ‘बी फॉर बॉम्बे’ फोनवर ठीक आहे, परदेशी स्टेशनला नको.

कोणी उत्तर दिलं, की त्याचा सिग्नल कसा येतोय याचा रिपोर्ट द्या. ‘फाइव्ह नाइन’मधला पहिला आकडा स्पष्टतेचा, १ ते ५, दुसरा सिग्नलच्या ताकदीचा, १ ते ९. मोर्समध्ये तिसरा, सुराचा. गंमत म्हणजे ‘यू आर फाइव्ह नाइन’ म्हणून लगेच ‘नाव परत सांगा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरा रिपोर्ट द्या, कोणी रागावत नाही.

क्यू-कोड, म्हणजे क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत, मोर्समध्ये वेळ वाचवायला आले. आवाजावर मोजकेच पुरतात. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे मिळालं, क्यूआरएम इतर स्टेशनांचा अडथळा, क्यूआरएन विजांची खरखर, क्यूएसवाय म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणं, क्यूआरटी म्हणजे स्टेशन बंद करणं. ‘माय क्यूटीएच लोकेशन’ म्हणजे पिवळा पीतांबर.

रिपीटरवर, म्हणजे तुमचा सिग्नल पकडून पुढे दूरवर पाठवणाऱ्या स्टेशनवर, बोलताना बटण दाबून क्षणभर थांबा, मगच बोला. माझ्या पहिल्या हाकेतलं ‘व्हिक्टर’ लोकांना नुसतं ‘क्टर’ ऐकू आलं होतं. बोलणं संपलं की दोनेक सेकंद मोकळे सोडा. तातडीचा निरोप असणाऱ्याला तेवढीच फट मिळते. तसा कोणी आला तर गप्पा तिथेच थांबवा.

निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’, म्हणजे शुभेच्छा. मागे ‘एस’ लावू नका, ते आधीच अनेकवचन आहे. ‘एटी एट’ म्हणजे प्रेम आणि पापे, तेव्हा माणूस बघून.

लॉग, म्हणजे कोणाशी कधी बोललात याची नोंद, यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. पहाटे चारची भेट आदल्या तारखेला रात्री साडेदहाला बसते.