लिट आणि फाइलचेक: कंपायलरच्या टेस्ट लिहिताना या चुका टाळा

स्वतःची छोटी भाषा बनवायला घेतलेल्या प्रत्येकाला मी एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या प्रकल्पातली लिट आणि फाइलचेक ही जोडी सुचवतो. टेस्ट म्हणजे तुमच्याच भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम. त्याच्या कॉमेंटमध्ये ‘रन:’ ओळीत कमांड लिहायची आणि ‘चेक:’ ओळींत आउटपुटमध्ये काय दिसायला हवं ते लिहायचं. लिट कमांड चालवतो, फाइलचेक आउटपुट ताडून बघतो. शिकायला एक दुपार पुरते. पण त्याच दुपारी घाईघाईत लिहिलेल्या टेस्ट पुढे वर्षभर हिरव्या (म्हणजे पास) राहतात आणि काहीच तपासत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहायलाच हवं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ढिली ‘चेक:’ ओळ. एका ओळखीच्या टीमचा इंटरप्रीटर (प्रोग्रॅम थेट चालवणारं साधन) होता. आकड्यात स्ट्रिंग मिळवली तर टाइप-चेकरने (टाइप तपासणाऱ्या भागाने) अडवायचं, असा नियम. त्यासाठी टेस्टचं आख्खं फोल्डर, सगळं हिरवं. आणि वापरणारे सांगत होते की ५ + "पाच" बिनबोभाट चालून जातंय. मला बघायला बोलावलं. रिफॅक्टरिंगच्या, म्हणजे कोडच्या फेरमांडणीच्या, गडबडीत टाइप-चेकरला जाणारा कॉलच उडाला होता, म्हणजे तो चालतच नव्हता. मग टेस्ट पास कशा? टेस्टमध्ये लिहिलं होतं ‘चेक: एरर’, आणि फाइलचं नाव होतं ‘टाइप-एरर’. इंटरप्रीटर ‘हे चल वापरलेलं नाही’ अशी साधी वॉर्निंग देताना पुढे फाइलचा पाथ छापायचा. त्या पाथमधला ‘एरर’ फाइलचेकला सापडला आणि त्याचं काम झालं. एक्झिट कोडने (कमांड यशस्वी झाली की फसली हे सांगणाऱ्या आकड्याने) तरी हे पकडायला हवं होतं. पण कुणीतरी कटकट नको म्हणून कमांड फसली तरी चालेल अशी पळवाट ‘रन:’ ओळीच्या शेवटी जोडून ठेवली होती, आणि बाकीच्यांनी तीच ओळ फाइलमागून फाइल कॉपी केली होती. अशा कॉपी-पेस्टचा मला मनापासून राग येतो. टेस्ट लिहिण्यात वाचवलेली पाच मिनिटं कुणीतरी दुसरा दोन दिवस घालवून फेडतो.

माझी पद्धत अशी. एररचा मेसेज पूर्ण लिहायचा, ओळ क्रमांकासकट. फाइलचेकमध्ये चालू ओळीचा क्रमांक देणारं चल आहे, त्यामुळे वर दोन ओळी वाढल्या म्हणून टेस्ट मोडत नाही. प्रोग्रॅम शक्य तिथे फाइलच्या नावाने न देता ‘<’ लावून आत सोडायचा, म्हणजे पाथ आउटपुटमध्ये येतच नाही. कमांड फसायलाच हवी असेल तर तिच्यापुढे एलएलव्हीएमचं ‘नॉट’ लावायचं. ते नुसता निकाल उलटा करत नाही. तुमचा इंटरप्रीटर एरर देण्याऐवजी सेगफॉल्ट होऊन (मेमरीच्या चुकीने कोसळून) मेला, तर साधं ‘नॉट’ त्याला पास म्हणत नाही. आणि शेवटी, नवी टेस्ट हिरवी दिसली की मी कंपायलरमधली ती तपासणी कॉमेंट करून टेस्ट पुन्हा चालवतो. लाल झाली तरच कमिट.

एररच्या टेस्टमध्ये 2>&1 विसरू नका. त्याशिवाय मेसेज स्टँडर्ड एररवर, म्हणजे एररच्या वेगळ्या प्रवाहात, जातो आणि पाइपमधून फाइलचेकपर्यंत पोचतच नाही.

‘चेक: 1’ हे 10 शी जुळतं आणि 21 शीही. पूर्ण ओळ जुळवायचा पर्याय आहे, तो लावा.

‘चेक-नेक्स्ट’ (लगेच पुढच्या ओळीत हे हवं) यानंतरचा कोलन राहिला तर ती ओळ निव्वळ कॉमेंट ठरते. बाकीच्या ‘चेक:’ ओळी ठीक असतील तर तक्रार कुणीच करत नाही.

‘चेक-नॉट’ (हे दिसता कामा नये) आख्ख्या आउटपुटवर लागू होत नाही, आधीच्या आणि नंतरच्या जुळणीच्या मधल्या भागापुरतंच बघतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे अपेक्षित आउटपुट आपोआप भरून घेणं. एलएलव्हीएममध्ये ‘चेक:’ ओळी तयार करून देणाऱ्या स्क्रिप्ट आहेत. ऑप्टिमायझरच्या लांबलचक आउटपुटसाठी त्या योग्यच आहेत. पण नवशिके भाषेच्या अर्थाच्या टेस्टही तशाच भरतात, आणि टेस्ट लाल झाली की डिफ (काय बदललं ते) न वाचता स्क्रिप्ट पुन्हा चालवतात. -7 ला 2 ने पूर्णांक भागाकार केला तर उत्तर काय? सी भाषेत -3, पायथनच्या ‘//’ने -4. बाकीसुद्धा सीमध्ये -1 आणि पायथनमध्ये 1. तुमच्या भाषेत काय, हे तुम्ही ठरवायचं आहे. स्क्रिप्टला विचारलंत तर तुम्ही ज्या भाषेत इंटरप्रीटर लिहिलाय तिचं उत्तर ती मुकाट्याने लिहून देते, आणि तोच तुमच्या भाषेचा नियम होऊन बसतो. म्हणून अशी उत्तरं मी कोड चालवण्याआधी हाताने लिहितो. वेळ लागतो, लागू द्या.

हॅश टेबल छापत असाल तर क्रमाची हमी भाषा देते का ते आधी ठरवा. नसेल तर टेस्टमध्ये सॉर्ट करून छापा, नाहीतर टेस्ट कधी पास, कधी नापास होत राहील.

माहीत असलेल्या बगची टेस्ट पुसू नका, ‘एक्सफेल’ (फसणं अपेक्षित आहे अशी खूण) लावा. ती अचानक पास झाली तर लिट तेही अपयश म्हणून दाखवतो, आणि तसंच हवं.

आणि देवनागरीतल्या टेस्ट लिहा, निदान आपण तरी. ‘क्षि’ यूटीएफ-8मध्ये 12 बाइट, 4 कोड पॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) आणि डोळ्याला एकच अक्षर. कॉलम बाइटवर मोजला असेल तर एररखालचं ^ भलतीकडेच जातं, आणि फक्त इंग्रजी अक्षरांच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ एका कोड पॉइंटने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता असा दोन मिळून. दिसायला दोन्ही सारखे. एका पद्धतीने चल जाहीर करायचं आणि दुसऱ्या पद्धतीने वापरायचं, एवढी एक टेस्ट घाला. पायथन नावं वाचतानाच त्यांचं सामान्यीकरण करतो, म्हणजे ती एकाच रूपात आणतो, त्यामुळे तिथे दोन्ही एकच ठरतात.