दुभंगलेले ओठ आणि टाळू : अठराव्या वर्षाआधी मुलाच्या हाती काय सोपवावे

दुभंगलेले ओठ व टाळू घेऊन जन्मलेल्या मुलाच्या ओठावर साधारण ३ ते ६ महिन्यांचे असताना, टाळूवर वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास, आणि हिरडीच्या फटीत हाड भरण्यासाठी सुळा येण्याआधी शस्त्रक्रिया होते. या सर्व तारखा आईवडिलांच्या लक्षात असतात, मुलाच्या नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेची मदत १८ वर्षांपर्यंतच मिळते आणि जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर करायच्या मोठ्या शस्त्रक्रियाही त्याच सुमारास पुढे उभ्या राहतात. म्हणून उपचारांची माहिती आणि निर्णय मुलाच्या हाती सोपवण्याचे काम पंधराव्या वर्षीच सुरू करावे.

पहिले काम कागदपत्रांचे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. याचा अर्थ तान्हेपणीची नोंद रुग्णालयात सापडेलच असे नाही. ती बहुधा घरच्या कपाटातल्या पिशवीत, लसीकरणाच्या कार्डाशेजारी घडी पडून असते. ती पिशवी मुलासोबत बसून उघडावी, डिस्चार्ज कार्डे, श्रवणचाचण्या आणि एक्स-रे तारखेनुसार लावावेत, प्रत्येक कागदाचा फोटो त्याच्या फोनमध्ये ठेवावा आणि कोणत्या वयात काय झाले हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. बोलणे सुधारण्यासाठी घशाच्या मागील भागातील पट्टी टाळूला जोडली असेल, तर ती नोंद ठळक करावी, कारण जबड्याच्या शस्त्रक्रियेत भुलीची नळी बहुधा नाकातून घालतात आणि ही पट्टी त्या वाटेत येते.

टाळूच्या व्रणांमुळे अनेकांचा वरचा जबडा मागे राहतो. तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच करतात. तिच्याआधी बराच काळ दातांना तारा लावाव्या लागतात आणि नाकाची अंतिम दुरुस्ती तिच्यानंतर होते, त्यामुळे प्लास्टिक सर्जन, जबड्याचे सर्जन आणि तारा लावणारे दंततज्ज्ञ (ऑर्थोडॉन्टिस्ट) यांनी आधी एकत्र बसून क्रम ठरवणे फार आवश्यक आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत दात व जबड्याचे विभाग एकाच आवारात मिळतात. वाचा व श्रवणासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

जबडा पुढे आल्यावर काहींचे बोलणे अधिक गेंगाणे होते, हे होकार देण्यापूर्वी मुलाला माहीत असलेच पाहिजे. घरी एक साधी पारख करता येते: नाकाखाली लहान थंड आरसा धरून ‘काकाचा पोपट’ म्हणायला सांगावे. या शब्दांत म किंवा न नाही, तरीही आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. अशा वेळी शस्त्रक्रियेआधी वाचातज्ज्ञांची तपासणी करून घ्यावी.

सोळाव्या वर्षापासून तपासणीच्या खोलीत आधी मुलाने बोलावे, पालकांनी नंतर. कित्येकदा पालकांना नाकाचा आकार खुपत असतो आणि मुलाला मात्र दोन दातांमधली रिकामी जागा. १८ पूर्ण झाल्यावर संमतीपत्रावर सही त्याचीच असते. ‘आता आणखी शस्त्रक्रिया नको’ हा त्याचा निर्णयही तितक्याच आदराने ऐकावा. कानाची तपासणी मात्र सोडू नये, कारण टाळूच्या दोषात मधल्या कानाचे दुखणे मोठेपणीही राहू शकते.

आणखी एक गोष्ट लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच स्पष्ट करावी. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ दुभंगला, हे त्याने घरीदारी ऐकलेले असते. ते खोटे आहे, आणि आईच्या देखत तसे सांगावे. इतर कोणताही दोष नसताना ओठ दुभंगलेल्या व्यक्तीच्या अपत्यात तो येण्याची शक्यता शंभरात साधारण ३ ते ५ असते. खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे असतील, तर तो वेगळा आनुवंशिक प्रकार असू शकतो आणि त्यात ही शक्यता निम्म्यापर्यंत जाते. अशांनी जनुकतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.