चांदणी कुठली ते रंगावरून ठरवू नका: स्टार क्विल्ट करताना या चुका टाळा

जुन्या क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचा, फोटो दिसतो, त्यात चांदण्याच चांदण्या, आपल्याला तस्साच हवा असतो, घरात उरल्यासुरल्या कापडांचं गाठोडंही असतं, मग काय, 'स्टार क्विल्ट' म्हणून शोधायचं, पहिला दिसेल तो पॅटर्न उचलायचा आणि चार ब्लॉक (क्विल्टभर पुन्हा पुन्हा येणारे चौकोनी भाग) शिवून झाल्यावर लक्षात येतं की हे काहीतरी भलतंच होतंय. माझं असं दोनदा झालंय. दोन्ही वेळा चूक एकच, मी रंग बघत बसले आणि शिलाया बघितल्याच नाहीत.

स्क्रॅपी, म्हणजे उरलेल्या तुकड्यांच्या, क्विल्टमध्ये तर रंग हमखास फसवतो. एका चांदणीत मधला चौकोन गडद, दुसरीत फिका, तिसरीत बॅकग्राउंडसारखाच, त्यामुळे एकच ब्लॉक तीन वेगळे ब्लॉक वाटतो. म्हणून आधी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, मोठा करा, आणि जिथे जिथे दोन तुकडे जोडलेत त्या रेषा कागदावर पेन्सिलने काढा. एकाच कापडाचे दोन तुकडे शेजारी आले की मधली शिलाई दिसत नाही, ती हुकली की पुढचा सगळा हिशोब चुकतो, तेव्हा एका ब्लॉकवर थांबू नका, तीन-चार ब्लॉक बघून मग रेषा पक्क्या करा.

टोकं मोजून काही कळत नाही हो. ओहायो स्टार, सॉटूथ स्टार, लमॉइन स्टार, तिघींनाही आठच टोकं. मोजायचा असतो तो कोपऱ्यातला चौकोन, ब्लॉकच्या बाजूच्या कितवा हिस्सा आहे ते. फोटो समोरून सरळ घेतलेला असेल तर स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं तरी चालतं, आपल्याला प्रमाणच हवंय. बरोबर एक तृतीयांश आला की ३ बाय ३ ची जाळी, म्हणजे बहुतेक ओहायो स्टार, खात्रीसाठी कडेच्या मधल्या चौकोनात चार त्रिकोण आहेत का बघा, दोन्ही कर्णांवर शिलाई हवी. एक चतुर्थांश आला आणि मधला चौकोन कोपऱ्याच्या दुप्पट असेल तर सॉटूथ, तिथे कडेला एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे असतात, त्यालाच फ्लाइंग गीज म्हणतात. आणि दोन्हीच्या मधेच काहीतरी आलं, समजा १२ इंचाच्या ब्लॉकला साडेतीनच्या किंचित वर, तर ती लमॉइन. तिला मधे चौकोनच नसतो, ४५ अंशाचे आठ डायमंड एका बिंदूत येऊन मिळतात, कोपरा ब्लॉकच्या ०.२९३ पट येतो आणि कुठल्याच सरळ जाळीत बसत नाही. हे आधी कळलेलं बरं, कारण लमॉइनमध्ये चौकोन आणि त्रिकोण डायमंडच्या खाचेत बसवावे लागतात, तीन शिलाया एका जागी मिळतात, नवशिक्यांनी आधी एखादी सॉटूथ करावी असं माझं मत.

टोकं चारच असतील आणि चांदणी भिरभिऱ्यासारखी फिरल्यासारखी वाटत असेल तर फ्रेंडशिप स्टार. डायमंड खूप बारीक आणि पूर्ण क्विल्टभर एकच चांदणी असेल तर लोन स्टार, अमेरिकेतल्या मूळनिवासी लकोटा लोकांच्या मानाने भेट द्यायच्या स्टार क्विल्ट याच प्रकारातल्या. आणि कधीकधी चांदणी ब्लॉकमध्ये नसतेच! दोन ब्लॉकच्या मधल्या पट्टीवर टोकं शिवलेली असतात आणि चार ब्लॉक मिळतात तिथे चांदणी उमटते. मी यात एक अख्खा दिवस घालवलाय.

नावावरून भांडू नका. ओहायो स्टारलाच व्हेरिएबल स्टार म्हणणारे आहेत. अमेरिकेत कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्रात १९२८ ते १९६१ क्विल्टचे पॅटर्न छापून यायचे, तसे ते इतर पेपरात आणि कॅटलॉगमध्येही यायचे, आणि एकाच ब्लॉकला इथे एक नाव तिथे दुसरं. काही नावं तर तेव्हाच्या राजकारणातून आली, फिफ्टी फोर फॉर्टी ऑर फाइट हा निमुळत्या लांब टोकांचा ब्लॉक अमेरिका-ब्रिटनच्या ओरेगॉन सीमावादातल्या घोषणेवरून ('५४ अंश ४० मिनिटं, नाहीतर लढाई'), वाद १८४६ मध्ये ४९ अक्षांशावर मिटला तरी घोषणा ब्लॉकला चिकटून राहिली. म्हणूनच क्विल्टच्या इतिहासकार बार्बरा ब्रॅकमन यांनी पॅटर्नची सूची केली तेव्हा नावाच्या नाही, रचनेच्या हिशोबाने ब्लॉक लावले आणि नंबर दिले. तुम्हाला पॅटर्न शोधायचाय तर जाळी सांगून शोधा, नाव आपोआप सापडतं.

आता तुकड्यांचं. इथे पुन्हा तोच रंगाचा सापळा, फक्त उलट्या बाजूने. लोकं लाल-पिवळं-निळं असे ढीग लावतात, ढीग लावायचे ते फिके, मधले आणि गडद असे. चांदणी दिसते ती टोक आणि बॅकग्राउंड यांच्यातल्या उजेड-अंधारामुळे, रंगामुळे नाही. माझ्या पहिल्या क्विल्टमध्ये लाल टोकं हिरव्या बॅकग्राउंडवर होती, कापताना काय झगमगत होती, शिवून भिंतीवर लावल्यावर चार पावलं मागे गेले तर चांदण्या गायब, दोन्ही कापडं सारखीच गडद होती. फोनच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत आधीच दिसलं असतं.

गोंधळ घालतात ती मधली कापडं. एका ब्लॉकमध्ये तीच टोकाला आणि दुसऱ्यात तीच बॅकग्राउंडला गेली की नजरेला काही धरता येत नाही. ठरवून टाका की बॅकग्राउंड कायम फिकं, मग बाकी कितीही गोंधळ घाला. शिवाय एका चांदणीची आठही टोकं एकाच कापडाची ठेवा, प्रत्येक टोक वेगळं केलं तर जवळून मजा वाटते पण लांबून नुसता तुकड्यांचा सडा दिसतो. मोठ्या फुलांचं कापड टोकांना नको, तीन इंचाच्या त्रिकोणात फुलाचा नुसता अर्धा देठ येतो.

"पिशवीत हात घालायचा आणि येईल तो तुकडा घ्यायचा" असा सल्ला मिळतो, तो करून बघितलाय, शेवटच्या ओळीत सगळं तपकिरी उरतं. त्यापेक्षा कापायच्या आधीच वीस गठ्ठे करा, प्रत्येकात एक टोकाचं कापड, एक मधल्या चौकोनाचं, क्लिप लावा, जमिनीवर ४ बाय ५ मांडा. १२ इंचाचे वीस ब्लॉक म्हणजे ४८ बाय ६० चा टॉप, क्विल्टचा वरचा थर.

एका १२ इंची सॉटूथला काय काय लागतं ते सांगते, मापं चारी बाजूंच्या पाव इंच शिलाईच्या मार्जिनसकट: मधला चौकोन साडेसहा इंच, कोपऱ्याला साडेतीनचे चार, आणि फ्लाइंग गीज चार एकदम करायच्या तर बॅकग्राउंडचा सव्वासात इंचाचा एक आणि टोकांसाठी ३ ७/८ इंचाचे चार. हे ७/८ विसरून लोक साडेतीनच कापतात आणि मग गीज लहान येतात. बॅकग्राउंड एकच ठेवायचं असेल तर वीस ब्लॉकला ४२ इंच वापरता येणाऱ्या पन्ह्यात साधारण ५७ इंच कापड जातं, म्हणजे दीड मीटरला जेमतेम, मी पावणेदोन घेईन कारण एखादा चौकोन चुकतोच. तुकडे जुन्या कपड्यांचे असतील तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग जातो का बघून घ्या, आणि ताणलं जाणारं होजिअरी कापड सुतीत मिसळू नका, टोकं वाकडी होतात. त्रिकोणाची उरेब बाजू तशीही ताणते, इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवा.

टोकं छाटली जात असतील तर बहुतेक वेळा दोष मार्जिनचा. गीज शिवून झाल्यावर साडेतीन बाय साडेसहा यायला हवी आणि टोकापासून कडेपर्यंत पाव इंच मोकळं हवं, पुढची शिलाई त्या टोकाच्या एक दोराभर बाहेरून जाऊ द्या. ब्लॉक साडेबाराऐवजी सव्वाबारा येतोय? आडव्या ओळीत दोनच शिलाया आहेत, मार्जिन सोळांश इंचाने जाड झालं की एका शिलाईत दोन्ही तुकड्यांचं मिळून अष्टमांश आणि दोन शिलायांत पाव इंच जातो. वीसच्या वीस सव्वाबारा आले असतील तर उसवू नका, तसेच जोडा, फक्त टॉप थोडा लहान होईल. काही सव्वाबारा आणि काही साडेबारा असतील तर मात्र लहानवालेच उसवायचे, मोठे छाटायला गेलात तर चांदणीची टोकंच जातील.